११ ते ६

कार्ड पाठीमागून करायचं असतं, हे कळायला मला तीन चैत्र लागले.

आत्ता माझ्यासमोर हातकागदाचा एक तुकडा पालथा पडलाय. त्याच्याखाली जुन्या टॉवेलची चौपदरी घडी आणि माझ्या हातात विणकामाची बोथट टोकाची सुई. कागद ओल्या फडक्याने नुसता पुसून घेतलाय, म्हणजे तो जरा मऊ पडतो. पेन्सिलीच्या एकेका खुणेवर सुई टेकवायची आणि दाबायची. जोर जास्त झाला तर कागद फुटतो आणि पुढच्या बाजूने भोकाच्या कडा बोटाला टोचतात. कमी झाला तर ठिपका उठतच नाही. या दोहोंच्या मध्ये कागद सुईखाली जरासा खचतो, तेवढ्यावर हात थांबवायचा. असे ९१ ठिपके. मधल्या ओळीत ११, मग वर आणि खाली १०, ९, ८, ७ करत शेवटी ६. ज्यांनी कधी अंगणात बसून रांगोळी काढलीय त्यांना एवढं सांगायची गरज नाही. '११ ते ६' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आकार उभा राहतो.

हे कार्ड आईसाठी. ती वाईला दादा-वहिनींकडे असते, मी पुण्यात. तिचा वाढदिवस चैत्रात असतो आणि आता आषाढ लागलाय, बाहेर पाऊस धरून आहे. तरीही मी कार्ड करायला बसलेय.

आमच्या घरात कार्डं करायची पद्धत आईनेच पाडली. बाबा पोस्टात होते. दिवाळी जवळ आली की ते रात्री उशिरा घरी यायचे आणि त्यांच्या बोटांना शिक्क्याच्या शाईचा वास असायचा. इकडे सहामाही परीक्षा संपली रे संपली की आई जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरायची. दादा आणि मी, शेजारची दोघं-तिघं, असे सगळे गोल करून बसायचो. झाडाची पानं कार्डशीटवर ठेवायची, जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा आणि तुषार उडवायचे. पान अलगद उचललं की त्याच्या जागी पांढरं पान उमटलेलं असायचं. शिवणाचा दोरा रंगात भिजवून कागदाच्या घडीत ठेवायचा आणि वर पुस्तक दाबून तो ओढून काढायचा. भेंडी आडवी कापून तिचे ठसे मारायचे. पिंपळाची पानं तर नवरात्राच्या आधीपासूनच मागच्या दारी बादलीत कुजत घातलेली असायची. दोन-तीन आठवड्यांनी त्यांना असा वास सुटायचा की आजी तिकडे फिरकायची नाही. पण मऊ ब्रशने वरचा गर काढून टाकला की खाली जाळी राहायची, ती वहीत दाबून वाळवायची. काळ्या कागदावर चिकटवलेलं ते जाळीचं पान मी तासन् तास बघत बसे.

तयार कार्डं पाकिटात घालताना बाबा शेजारी बसत. "चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचा," असं प्रत्येक पाकिटाला सांगत. उघड्या पाकिटावर 'बुक पोस्ट' लिहिलं की तिकीट कमी लागायचं आणि आमच्याकडे तीस-पस्तीस कार्डं असायची.

आई स्वतः कार्ड करत नसे. ती विचारायची, "हे कुणासाठी?" मी म्हणायचे, "अजून ठरवलं नाही, आधी करते." ते तिला चालायचं नाही. "कुणासाठी ते आधी ठरव, मग ब्रश उचल." एकदा मी लाल-केशरी रंगाचं सुंदर कार्ड केलं आणि ते आत्याला पाठवायचं ठरवलं. आई म्हणाली, "आत्याला लाल रंग बघवत नाही, आठवतं का?" आत्याचे यजमान गेले त्या वर्षी. मला आठवत नव्हतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आईने ते कार्ड मामाकडे वळवलं आणि आत्यासाठी माझ्याकडून दुसरं करून घेतलं. निळसर, त्यावर नुसती तेरड्याची दाबलेली पानं. आत्याचं उत्तर आलं ते माझ्या नावाने आलं, आईच्या नाही. माझ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र.

आईच्या स्वतःच्या हाताचं काम म्हणजे रांगोळी. चैत्रात गौर बसली की तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्या दारात रोज चैत्रांगण असे. गौरीचं मखर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, सर्प, लक्ष्मीची पावलं. ती उकिडवी बसून चिमटीतून रांगोळी सोडत मागे मागे सरकत जायची आणि रेष कुठेही जाड-बारीक व्हायची नाही. इतर दिवशी ठिपक्यांची. त्यासाठी तिच्याकडे ठिपक्यांचा कागद होता, खाकी रंगाचा, जाड, उदबत्तीने समान अंतरावर भोकं पाडलेला. तो सारवलेल्या जमिनीवर पसरायचा, वर रांगोळी टाकून तळवा फिरवायचा आणि कागद उचलायचा. सगळे ठिपके एकदम पडलेले. मग जोडायचे. कोणता ठिपका कोणत्याला जोडायचा हे तिला कधी पुस्तकात बघावं लागलं नाही.

पाच वर्षांपूर्वी तिला दारासमोरची रांगोळी वाकडी दिसायला लागली. आधी तिला वाटलं, हात कापतोय. मग वर्तमानपत्रातल्या ओळी मध्येच खचल्यासारख्या दिसू लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला एक चौकटींचा कागद दिला. साधारण दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरवर आडव्या-उभ्या रेषा आणि मधोमध एक काळा ठिपका. ॲम्सलर ग्रिड म्हणतात त्याला. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि भोवतीच्या रेषा सरळ आहेत का ते सांगायचं. मी तेव्हा तिच्या शेजारी बसले होते. आई म्हणाली, "रेषा पाण्यात हलल्यासारख्या दिसतायत." थोडं थांबून म्हणाली, "आणि ठिपका कुठंय?"

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध पीतबिंदू नावाची जागा असते. रुंदी जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर. अक्षरं, चेहरे, सुईचं नेढं, तांदळातले खडे हे सगळं आपण त्या एवढ्याशा जागेने बघतो. वयानुसार कुणाकुणाची ती जागा झिजते. आईची झिजत गेली. एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देऊन आजार थोपवता येतो. आईचा प्रकार दुसरा होता, सुका. बाजूचं दिसणं शाबूत राहतं, त्यामुळे ती घरभर न धडपडता फिरते, दारातून कोण आलं-गेलं ते तिला कळतं. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. माझा चेहरा बघायचा असेल तर ती माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघते. सुरुवातीला मी मान वळवून मागे बघायचे, कोण आहे म्हणून.

आणि रांगोळी? चिमटीतून रेष जिथे जमिनीवर पडते, तीच जागा नाहीशी झालेली. तिने त्या वर्षी रांगोळीचा डबा धुऊन, पुसून, फडताळात वरच्या खणात ठेवून दिला. कुणाला काही बोलली नाही. वहिनी दारात काढते आता, छान काढते.

मी पुण्याला आल्यापासून दर वाढदिवसाला आईला कार्ड करून पाठवत आलेय. एकदाही विकतचं आणलेलं नाही. तिची नजर गेल्यावर पहिल्या वर्षी मी पिवळ्याधमक कार्डशीटवर काळ्या मार्करने बोटभर जाडीची अक्षरं काढली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की रंगांमध्ये फरक जितका ठळक तितकं बरं. तिने ते कार्ड डोळ्यांच्या कोपऱ्यातून, एकेक अक्षर सरकवत वाचलं. वाचायला पाच मिनिटं लागली असतील. पण वाचलं.

पुढच्या चैत्रापर्यंत तेही दिसेनासं झालं. मग मला वाटलं, अक्षरं उंच करूया. कापडावर नक्षी काढायची उठावाची ट्यूब मिळते, तिने मी 'आई' असं मोठं लिहिलं, खाली शुभेच्छा, आणि दोन दिवस वाळू दिलं. कार्ड घेऊन स्वतः वाईला गेले. तिने बोट फिरवलं. वर गेली, खाली आली, कान्यावरून घसरली, वेलांटीत अडकली. पुन्हा सुरुवातीला आली. मी बघत होते. तिचं कपाळ आक्रसलं होतं. मग तिने कार्ड मिटलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "छान आहे."

माझ्या आईने माझ्या कुठल्याही कार्डाला 'छान आहे' म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, कोपरा नीट कापला नाहीस. म्हणायची, डिंक बाहेर आलाय. म्हणायची, मोर चांगला झालाय पण पाय बघ त्याचे. ते 'छान आहे' तिने पाहुण्यांना चहा चांगला झाला असं सांगतात तसं म्हटलं. पुण्याला परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

त्याच वर्षी मी आणखी दोन कार्डं केली, अक्षरांशिवाय. एकात पिंपळाचं पान होतं, जाळीचं नव्हे, नुसतं वाळवलेलं. त्याच्या लांब टोकावरून तिने ते क्षणात ओळखलं. दुसऱ्यात दवण्याची काडी बांधली होती. चैत्रात दवणाच हवा. तिने नाकाशी धरला आणि जोतिबाच्या यात्रेच्या गोष्टी काढल्या. दोन्ही वेळा ती खूश झाली, खरंच झाली. तरी मला ते कार्ड वाटत नव्हतं. दवणा बाजारातून कुणीही आणून दिला असता. "हे कुणासाठी?" या तिच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा मी तिथेच होते. वहिनीने माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. त्यात आजीचं इरकली लुगडं, बाबांचं खाकी जाकीट, आमची प्रगतिपुस्तकं, आणि तळाशी चार घड्या घातलेला ठिपक्यांचा कागद. घड्यांवर फाटत आलेला. वहिनी म्हणाली, "हा टाकू का?" आणि सवयीने आईच्या हातात दिला. आईने तो मांडीवर उलगडला आणि तळवा वरून फिरवला, रांगोळी पसरायला फिरवायची तसाच. मग तर्जनी एका भोकात टेकली. उदबत्तीने जळलेल्या भोकाची कड कडक असते, जराशी वर आलेली. बोट दुसऱ्या भोकावर गेलं. तिसऱ्या. ओठ हलत होते. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर म्हणाली, "पंधरा. हा पंधरा ते आठचा. अकराचा दुसरा होता, तो कुठं गेला?"

मी तिच्या बोटाकडे बघत होते. उठावाच्या अक्षरांवर चाचपडणारं, घसरणारं ते हेच बोट. इथे ते अंगणात फिरल्यासारखं फिरत होतं.

त्यानंतर मी कागदाच्या शोधात निघाले. साध्या कार्डशीटवर ठिपका उठवायला गेलं की ते तडकतं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, के. बी. जोशी यांनी १९४० साली उभी केलेली. तिथला कागद सुती चिंध्यांचा, कापडाच्या कात्रणांचा असतो. कात्रणं पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात, तो जाळीच्या चौकटीवर उचलतात, दाबतात, वाळवतात. कापसाचे धागे लाकडाच्या लगद्यातल्या धाग्यांपेक्षा लांब. त्यामुळे सुई दाबली की ते ताणले जातात, तुटत नाहीत. वाळल्यावर ठिपका तसाच उभा राहतो. मी पाच-सहा जाडीचे ताव आणले आणि प्रत्येकावर ओळभर ठिपके दाबून डोळे मिटून बोट फिरवलं. फार जाड कागदावर ठिपका बुटका होतो. पातळ कागदावर उंच उठतो पण लगेच दबतो. मधला एक सापडला. ठिपक्यांच्या मागच्या खळग्यांत तांदळाच्या खळीचा हात दिला की तो आणखी टिकतो, हेही चार ताव वाया गेल्यावर कळलं.

कार्ड केलं ते ११ ते ६. दोन ठिपक्यांत एक सेंटिमीटर अंतर, म्हणजे मधली ओळ दहा सेंटिमीटर लांब, तळव्याखाली पूर्ण येते. ठिपके जोडायला जाड पांढरा दोरा घेतला आणि आईची नेहमीची कमळाची रांगोळी चिकटवली. वरच्या अंगाला १७ ठिपक्यांचं छोटं स्वस्तिक. अक्षर एकही नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, दोऱ्याने बांधून पाठवलं, कारण पोस्टातला शिक्का ठिपक्यांवर पडला तर काय होईल हे पोस्टातल्या माणसाच्या मुलीला सांगावं लागत नाही.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन. "आईंना बोलायचंय." मग आईचा आवाज, नमस्कार-चमत्कार काही नाही.

"स्वस्तिक उलटं झालंय."

मला आधी कळेचना. "काय?"

"अगं, स्वस्तिक उलटं आहे. वरचं टोक उजवीकडे वळायला पाहिजे ना? तुझं डावीकडे वळलंय. दोनदा बघितलं. वहिनीला विचारलं, तीसुद्धा म्हणाली उलटंय. शुभकार्याला उलटं स्वस्तिक काढतात का कुणी? आणि रेषा कशाला जोडल्यास?"

"म्हणजे?"

"तू जोडल्यास मग मी काय करू?"

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर कुकर होता, शिट्टी झाली, मी बंद करायला हललेही नाही. आई पुढे बोलतच होती, की कमळाच्या डाव्या पाकळीपाशी दोरा एक ठिपका चुकून गेलाय, की सहाव्या ओळीतला तिसरा ठिपका बारीक आहे. मी हो हो म्हणत होते आणि माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं. दोन वर्षांनी माझ्या आईने माझं कार्ड वाचलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळ न ओळ, आणि चूक काढली होती.

चूक कशी झाली ते नंतर कागद उलटसुलट करून बघताना लक्षात आलं. ठिपका मागून दाबायचा आणि तो पुढे उठतो. कमळ दोन्ही बाजूंनी सारखंच असतं, त्याला काही होत नाही. स्वस्तिकाला होतं. मागून सरळ काढलं की पुढे उलटं उमटतं.

एक मैत्रीण अंध मुलांना शिकवते. तिला हे सांगितलं तर तिने पिशवीतून ब्रेलची पाटी काढून माझ्यापुढे ठेवली. पाटीवर कागद अडकवून टोच्याने ठिपके दाबतात आणि लिहितात ते उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं. तिच्या शाळेतली सहा-सात वर्षांची मुलं हे पहिल्या महिन्यात शिकतात. उठावाच्या अक्षरांचंही मी तिला सांगितलं, अजून ते मनात सलत होतं. ती म्हणाली, "ही चूक फार जुनी आहे." पॅरिसच्या ज्या अंधशाळेत लुई ब्रेल शिकला तिथे आधी अशीच पुस्तकं होती, डोळसांची अक्षरं कागदावर उठवलेली. मोठी, जड, आणि वाचायला अतिशय संथ. ती करणारा माणूस मुलांवर जीव असलेला होता, पण त्याने डोळ्यांचं अक्षर बोटांना दिलं. ब्रेल स्वतः आंधळा होता. खोगीर-लगामाचं सामान करणाऱ्या बापाच्या दुकानात, तीन वर्षांचा असताना, कातडं टोचायच्या आरीने त्याचा डोळा गेला आणि त्यामागोमाग दुसराही. बोटाला रेघ नको, ठिपका हवा, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. १८२९ मध्ये त्याने आपली लिपी छापली तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

मैत्रिणीने आईला ब्रेल शिकवायचाही प्रयत्न केला. पुण्याला आई महिनाभर राहिली होती तेव्हा रोज संध्याकाळी बसायच्या दोघी. पण ब्रेलमध्ये दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर असतं. लहानपणापासून सवय असलेली बोटं ते सहज वाचतात. वय झालं की त्वचेचं ते बारीक ओळखणं कमी होत जातं, आणि आईच्या बोटांनी पन्नास वर्षं तव्यावरच्या भाकऱ्या हाताने उलटल्यात. तिला सहा ठिपक्यांचा एकच गोळा लागायचा. चार-पाच अक्षरांपर्यंत आली आणि म्हणाली, "पुरे आता, तू तुझ्या मुलांना शिकव." मला वाईट वाटलं, तिला वाटल्याचं दिसलं नाही. तिचे ठिपके वेगळे होते, बोटभर अंतरावरचे, आणि ते तिला येत होते.

तेव्हापासून कार्डावर मी दोरा लावत नाही. नुसते ठिपके. ९१, वर स्वस्तिकाचे १७, ते मागून उलटं काढलेलं. आईने सांगितलं तसं. हे कार्ड ती दिवसातून कितीदा हातात घेते ते मला वहिनीकडून कळतं. दुपारी जेवणं झाली की पलंगावर पाय सोडून बसते, कार्ड मांडीवर, आणि उजव्या हाताची तर्जनी ठिपक्यांवरून चालायला लागते. मधून उचलत नाही. वहिनीने एकदा विचारलं, आई काय करताय. "ज्ञानकमळ काढतेय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी नुसती वेल. त्यानंतर कधीतरी, आपण नेहमी करायचो ती नाही, आजी काढायची ती शंखांची, असं म्हणाली. एका कागदावर रोज नवी रांगोळी होते आणि संध्याकाळी पुसायची गरज पडत नाही. मी त्या कार्डात शुभेच्छा लिहीत नाही. तिने काय काढलं ते मला फोनवर सांगते, मी ऐकते, आणि मध्येच विचारते, "त्या कोपऱ्यातल्या ठिपक्याचं काय केलंस?" त्यावर ती खुलते. मग दहा मिनिटं त्या ठिपक्याचीच गोष्ट.

मागच्या महिन्यात वाईला गेले तेव्हा तिची सगळी कार्डं पाहिली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकावर एक ठेवलीत, दोन कार्डांच्या मध्ये रुमालाची घडी. पिवळ्या कागदावरचं आहे. ट्यूबने लिहिलेलं ते कार्डही आहे, मला वाटलं होतं टाकून दिलं असेल. दवण्याची काडी गळून गेलीय, नुसता दोरा उरलाय. सगळ्यात वर चैत्रातलं. ते मी हातात घेतलं आणि डोळे मिटून बोट फिरवलं. कडेच्या ओळी अजून ताठ होत्या. मध्याकडे येत गेले तसतसे ठिपके लहान होत गेले. मधोमध, जिथून तिची प्रत्येक रांगोळी सुरू होते, तिथे माझ्या बोटाला काहीच लागलं नाही. गुळगुळीत कागद.

मी काही बोलले नाही. खळीचा हात जास्त द्यायला हवा होता का, कागद आणखी जाड घ्यायला हवा होता का, असे हिशेब मनात चालले होते. पावसाळ्यात हवा दमट, कागद सर्द होतो, ठिपके लवकर बसतात, हेही खरं. आई पलंगावरून माझ्या कानापलीकडे बघत होती. म्हणाली, "हं, तिथं आता अंदाजाने जाते मी."

पुण्याला येऊन आठवडा झाला नाही तोच परवा रात्री फोन. मी जेवायला बसणार होते.

"अगं, अंदाजाने किती दिवस जाणार? काल तिसरी पाकळी चुकली. दुसरं कर आणि पाठव. चैत्राची वाट बघू नकोस."

"करते."

"या खेपेला पंधरा ते आठ करशील?"

"मोठं होईल आई, तळव्याखाली मावणार नाही."

थोडा वेळ ती गप्प होती. हिशेब करत असणार.

"बरं, अकराच कर. आणि स्वस्तिक नीट बघून काढ."